चाळीस कॅसेट आणि एक कुरकुरणारी हार्ड डिस्क

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांचे दिवंगत वडील गावच्या भजनी मंडळात गात असत. भजने, काकड आरती आणि घरातल्या गप्पा अशा चाळीस कॅसेट या शिक्षकांनी २०१२ साली स्वतः खपून संगणकावर एमपीथ्री स्वरूपात उतरवल्या आणि त्यानंतर, टेपरेकॉर्डरही बिघडलेला असल्यामुळे, कॅसेट भंगारात देऊन टाकल्या. त्या संगणकातील एक टेराबाइटची हार्ड डिस्क आता कुरकुरू लागली आहे. विंडोज ७ सुरू व्हायला वीस-वीस मिनिटे लागतात, हार्ड डिस्कमध्ये बिघाड आहे अशी सूचना पडद्यावर येते आणि गेल्या आठवड्यात एकदा आतून तीन-चार वेळा ‘टक् टक्’ असा आवाज येऊन संगणक गोठला. गल्लीतला संगणक दुरुस्त करणारा मुलगा म्हणतो, “काका, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल.” तालुक्याच्या गावातील दुकानदार म्हणतो, पुण्याला पाठवावी लागेल, पंधरा ते वीस हजार लागतील. मुलगी म्हणते, जुने धूड टाकून द्या आणि लॅपटॉप घ्या. बडोद्याला असलेल्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, त्यांनी यातले काहीच कळवलेले नाही, कारण कॅसेट भंगारात गेल्याचेही दादांना ठाऊक नाही. रोज सकाळी संगणक लावून ते ‘अजून चालतो आहे ना’ एवढे पाहतात आणि बंद करतात. डिस्क दुरुस्त कशी करावी आणि एवढा खर्च करावा का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती आजच थांबायला हवी. रोज सकाळी संगणक लावून तो चालतो आहे की नाही हे पाहणे कृपा करून बंद करा. त्यामागची काळजी मला कळते. घरात कोणी आजारी असले की आपण रात्री उठून श्वास चालू आहे ना, हे पाहतो, तशीच ती आहे. पण या यंत्राच्या बाबतीत प्रत्येक पाहणीची किंमत मोजावी लागते. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरत असतात, घरगुती संगणकात बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. त्या तबकडीला स्पर्श न करता, केवळ काही नॅनोमीटर उंचीवरून वाचणारे टोक तरंगत असते. तबकडीवर कुठे ओरखडा असेल किंवा ते टोक अशक्त झाले असेल, तर डिस्क जितका वेळ फिरेल तितका बिघाड पसरण्याचा धोका वाढतो. तुमच्याजवळ या डिस्कचे काही तास शिल्लक आहेत असे समजा. किती ते कोणालाच सांगता येणार नाही, पण ते विंडोजचे चक्र फिरताना पाहण्यात खर्च होऊ नयेत. संगणकाचा प्लग आत्ताच काढून ठेवा. बंद डिस्क आठवडाभर तशीच राहिली म्हणून तिचे काही बिघडत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. डिस्क दुरुस्त कशी करावी, असे तुम्ही विचारता, आणि त्यात असे गृहीत धरलेले आहे की दुरुस्ती झाली की आतले सगळे आपोआप सुखरूप राहील. या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात, अशी माझी विनंती आहे. बिघडू लागलेली हार्ड डिस्क पुन्हा भरवशाची होत नाही. तबकडीवरील जागा सेक्टर नावाच्या लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. एखादा कप्पा वाचता आला नाही की डिस्क त्याच जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर अख्खा संगणक तिष्ठत राहतो. तुमची वीस मिनिटे तिथेच जातात. तो व्हायरस नव्हे आणि संगणक म्हातारा झाल्याचे लक्षणही नव्हे. काही खराब कप्प्यांच्या बदली वापरण्यासाठी कारखान्यातच राखीव कप्पे ठेवलेले असतात, पण त्यामुळे नव्या लिखाणाची सोय होते. खराब कप्प्यात अडकलेला मजकूर त्यातून परत येत नाही. म्हणून डिस्कवर माया करू नका, ती जाणारच आहे. तिच्यातून काय काय बाहेर काढायचे आणि कोणत्या क्रमाने, एवढाच प्रश्न उरतो.

याच कारणासाठी त्या मुलाचा सल्ला मानू नका. त्याचा हेतू चांगला आहे, आणि विंडोज नुसतीच बिघडलेली असती तर त्याचा उपाय चाललाही असता. पण झटपट फॉरमॅटमध्ये फाइल कुठे आहेत याची अनुक्रमणिका पुसली जाते, आणि विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केल्यास डिस्कभर शून्ये लिहिली जातात. शून्ये लिहिली गेल्यानंतर पुण्याची काय, जगातली कोणतीही प्रयोगशाळा वडिलांचा आवाज परत आणू शकणार नाही. ‘चेकडिस्क’ हा विंडोजमधील डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवू या, असेही कोणी सुचवेल. संगणक सुरू होताना कधी कधी ते आपोआपही चालू लागते. निरोगी डिस्कवर ते उपयोगी आहे, पण आजारी डिस्कवर सखोल तपासणी लावल्यास ते प्रत्येक कप्पा खरवडून पाहते आणि जिथे हिशेब जुळत नाही तिथे फाइलचे नाव-पत्ता काढून टाकते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी हीच चूक केली. आत्याच्या जुन्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका कुरकुरणाऱ्या डिस्कवर होत्या. रात्री चेकडिस्क लावून मी झोपलो आणि सकाळी त्या फोल्डरच्या जागी ‘फाइल शून्य शून्य शून्य शून्य’ अशा नावांचे तुकडे पडलेले होते, ज्यांतले निम्म्याहून अधिक उघडतच नव्हते. आत्या तेव्हा हयात नव्हती आणि मूळ पत्रांना आधीच वाळवी लागली होती. तुमचे पत्र वाचताना मला ती सकाळ आठवत होती, म्हणून इतके आग्रहाने लिहितो आहे.

यानंतर एक छोटा हिशेब करू या, कारण तुमची भीती मला वाटते त्या एक टेराबाइटच्या आकड्यामुळे मोठी झाली आहे. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे सुमारे ६० एमबी, आणि चाळीस कॅसेट म्हणजे सुमारे २.४ जीबी. तुम्ही दर्जा दुप्पट ठेवला असेल, तरी पाच जीबीच्या आत. ज्याच्यासाठी तुमची झोप उडाली आहे ते सगळे एका लहानशा पेनड्राइव्हमध्ये मावते. संपूर्ण डिस्क उतरवून घ्यायची तर निरोगी अवस्थेतही तीन तास लागतील आणि या अवस्थेत कदाचित काही दिवस. पण एवढ्या ध्वनिफिती, म्हणजे तुमच्या एमपीथ्री फाइल, नशिबाने काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत बाहेर येऊ शकतात. तुम्ही उल्लेख केलेले मुलीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, डाउनलोड केलेले चित्रपट यांतल्या कशाची दुसरी प्रत आहे ते पाहा. फोटोग्राफरने दिलेली डीव्हीडी कपाटात असेल, हिशेब सोसायटीच्या वहीत असतील. ज्याला दुसरी प्रत नाही ते आधी, बाकीचे नंतर, आणि चित्रपटांकडे तर बघूही नका.

हा क्रम कागदावर लिहून काढा, संगणक न लावता, आठवून. आणि इथेच दादांचा विषय येतो.

तुम्ही दादांना सांगितले नाही, कारण कॅसेट भंगारात दिल्याचा त्यांना राग येईल असे तुम्हाला वाटते. तसा तो येईलही. पण २०१२ नंतर इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना यातले काहीच पाठवले नसेल, हे मला खरे वाटत नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला कोणाला पेनड्राइव्हवर भजने दिली होती का? एखादी सीडी करून पुतण्याच्या गाडीत वाजवली होती का? व्हॉट्सअॅपवर, ईमेलवर काही गेले होते का? मंडळातल्या कोणी मोबाइलमध्ये घेतले होते का? अशी प्रत सापडली, तर ज्या ध्वनिफितींसाठी तुम्ही धोका पत्करणार आहात त्यांची संख्या चाळीसवरून दहा-पंधरावर येऊ शकते. म्हणून दादांना फोन करणे ही मनाचे ओझे हलके करण्यापुरती गोष्ट समजू नका. डिस्क वाचवण्याच्या कामातली ती पहिली पायरी आहे, आणि यंत्राला हात लावण्याआधी ती व्हायला हवी. शिवाय त्या कॅसेटवर त्यांचाही तुमच्याइतकाच हक्क होता. पंधरा-वीस हजारांचा निर्णय तुम्ही एकट्याने का घ्यावा?

अपराधीपणाबद्दल एकच सांगतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वाचनातली पहिली चूक दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट असते, असे त्यात आढळले. पण बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी पूर्वसूचनेच्या चार सर्वांत महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. तुमच्या डिस्कने सूचना दिली आहे आणि तुम्ही ती ऐकलीत. तुम्ही बेफिकीर होतात, असे मला पत्रात कुठेच दिसले नाही.

आता पर्याय. दादांकडे किंवा इतरत्र बहुतेक ध्वनिफिती सापडल्या, तर उरलेल्यांसाठी घरच्या घरी प्रयत्न करायला हरकत नाही. काहीच सापडले नाही, तर सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे डिस्कला आणखी एकदाही वीज न देता थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत देणे, कारण तुम्ही एकदा ‘टक् टक्’ ऐकले आहे आणि घरी केलेला प्रत्येक फसलेला प्रयत्न प्रयोगशाळेचे काम अवघड करतो. तेवढा खर्च परवडणारा नसेल, तर एक प्रयत्न करावा, पण पूर्ण तयारीनिशी आणि एकच. माझ्या मते तुमच्यासारख्या पेन्शनवर घर चालवणाऱ्याने तो प्रयत्न केला तर त्यात चूक नाही. मात्र तो आवाज पुन्हा आला, तर मोह आवरून त्याच क्षणी वीज बंद करायची, हे आधीच ठरवून घ्यावे.

तयारी कशी करावी ते सविस्तर सांगतो. गल्लीतल्या त्या मुलाची मदत इथे जरूर घ्या. त्याचे हात तयार आहेत, फक्त काम वेगळे द्यायचे आहे. ज्या डिस्कवर विंडोज आहे तीच डिस्क आजारी असल्यामुळे तुमचा संगणक नेहमीसारखा लावला की विंडोज तिच्यावर सतत काही ना काही लिहीत आणि वाचत राहते. ते टाळण्यासाठी डिस्क सीपीयूच्या खोक्यातून काढून दुसऱ्या चांगल्या संगणकाला दुय्यम डिस्क म्हणून जोडावी, किंवा विंडोजऐवजी चालणारी उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर तयार करून त्यावरून संगणक सुरू करावा आणि जुनी डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडावी. विंडोजच्या संगणकाला जोडली आणि ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असे त्याने विचारले, तर नको म्हणावे. जोडताना साटा केबल, म्हणजे डिस्क संगणकाला जोडणारी तार, नवी वापरावी. कधी कधी सारा दोष त्या स्वस्त केबलचाच निघतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी क्षणात दाखवतो. त्यात सी७ या ओळीचा आकडा वाढलेला आणि ०५, सी५, सी६ या ओळी शून्य असतील, तर केबलवर संशय घ्यावा. सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे कप्पे. तुमच्या वर्णनावरून तिथे काही आकडा दिसेल असे मला वाटते.

ज्या दिवशी काम करायचे त्या दिवशी यूपीएस असू द्या, कारण मध्येच वीज जाणे निरोगी डिस्कलाही मानवत नाही. कॉपी एकदम चाळीसची लावू नका. यादीतली पहिली फाइल घ्या, ती पेनड्राइव्हवर पोहोचली की दुसरी. एखादी फाइल अडली आणि मिनिट-दोन मिनिटे हललीच नाही, तर तिच्याशी झगडत न बसता ती सोडून पुढे जा आणि यादीत तिच्यापुढे खूण करा. अडलेल्या फाइलकडे सगळ्यांच्या शेवटी वळावे. मुलाला विंडोजमधील रोबोकॉपी ही आज्ञा माहीत असेल, तर त्याला एवढेच सांगा की पुनर्प्रयत्नांची संख्या शून्य किंवा एक अशी ठरवून दे. काही न सांगितल्यास ती आज्ञा न वाचलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत राहते आणि त्यातच डिस्क संपते. लिनक्स जाणणारा कोणी मिळाला, तर ध्वनिफिती हाती आल्यानंतर जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, नव्या डिस्कवर घेता येते. आधी सहज वाचता येणारा भाग उचलायचा, अवघड जागा मागे ठेवायच्या आणि कुठवर आलो याची नोंद ठेवायची, या शिस्तीने तो चालतो, आणि म्हणून आजारी डिस्कसाठी त्याच्याइतके भरवशाचे मोफत साधन मी वापरलेले नाही.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, हळूच आपटा, वरचे झाकण उघडून टोक हलवा, असे उपाय तुम्हाला कोणी ना कोणी नक्की सांगेल. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कच्या आत दव धरते. झाकण उघडले की घरातल्या धुळीचा साधा कण त्या नॅनोमीटरच्या फटीपुढे धोंड्यासारखा असतो. खालची हिरवी पाटी, म्हणजे डिस्कचे सर्किट बोर्ड, दुसऱ्या डिस्कची लावू, असेही सांगतात, पण आताच्या डिस्कमध्ये त्या पाटीवरील एका चिपमध्ये त्याच डिस्कची खास मापे नोंदलेली असतात आणि नुसती पाटी बदलून काम होत नाही.

प्रयोगशाळेत द्यायची वेळ आली, तर दुकानदाराला चार गोष्टी विचारून घ्या, शक्यतो लेखी. तपासणीचे पैसे वेगळे आहेत का. काहीच मिळाले नाही तर किती द्यावे लागतील. पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलची यादी दाखवणार का. आणि मूळ डिस्क परत मिळेल का. दुकानात डिस्क कोणी उघडणार नाही, हेही बजावून सांगा. तुम्हाला एक टेराबाइट नको, एक फोल्डर हवे आहे, हे त्यांना स्पष्ट सांगितलेत तर काम सोपे होते, आणि खर्चाबद्दल बोलायलाही जागा मिळते. डिस्क अजून वॉरंटीत आहे असे कोणी सांगितले तरी त्या वाटेने जाऊ नका. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुनी त्यांच्याकडे राहते आणि तिच्यासोबत बाबांचा आवाजही.

मुलीचा सल्ला चुकीचा नाही. विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सुधारणा देणे १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवले, तेव्हा बँकेची कामे त्या संगणकावर करू नयेतच. लॅपटॉप जरूर घ्या, फक्त ‘जुने धूड’ इतक्यात भंगारात जाऊ देऊ नका. निदान त्यातली डिस्क काढून, कोरड्या पिशवीत गुंडाळून, तारीख लिहून कपाटात ठेवा. एखादी फाइल आज निघाली नाही, तर पुढे हातात पैसे असताना ती प्रयोगशाळेत देण्याचा पर्याय राहतो. कायमची टाकायची झाली, तर तिच्यात बँकेची, आधारची कागदपत्रे आहेत हे लक्षात ठेवून ती निकामी केल्यावरच ई-कचऱ्यात द्यावी.

जे हाती येईल त्याची त्याच दिवशी दुसरी प्रत करा. पेनड्राइव्ह ही वाहतुकीची पिशवी आहे, तिला कपाट समजू नये. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर तुमच्या घरी, वर्षातून दोनदा जोडून पाहावी अशी. एक प्रत गूगलच्या खात्यावर, जिथे १५ जीबीपर्यंत पैसे पडत नाहीत आणि तुमच्या ध्वनिफिती आरामात मावतात. आणि एक बडोद्याला दादांच्या घरी. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असते. बिनविजेची पडून राहिलेली एसएसडी वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी योग्य नाही, म्हणून नव्या लॅपटॉपमधील प्रतीवर विसंबू नका.

शेवटचे काम सावकाश करायचे आहे. फाइल कॉपी झाली आणि आकारही बरोबर दिसला, म्हणजे ती धड आहेच असे नसते. न वाचलेल्या कप्प्यांच्या जागी आत शांतता भरलेली असू शकते. म्हणून प्रत्येक ध्वनिफीत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी वाजवून पाहा. तुम्ही फाइलना ‘कॅसेट १’, ‘कॅसेट २’ एवढीच नावे दिली आहेत असे लिहिले आहे. ऐकताना दादांना फोनवर घ्या आणि पखवाजावर कोण होते, टाळ कोणाचे, कोणत्या एकादशीचे गाणे, हे विचारत नावात भर घालत जा; हे सांगू शकणारी माणसे आता तुम्ही दोघेच उरला असाल. आणि पत्रात तुम्ही ज्या एका कॅसेटबद्दल लिहिलेत, जिच्यात काकड आरती संपता संपता आई आतून “चहा झालाय, या आता” अशी हाक मारते, ती सतरा क्रमांकाची फाइल यादीत सर्वांत वर लिहा.